खंड्या डॉक्टरांच्याच काचेवर का आपटला

दातांच्या डॉक्टरांच्या काचेवर ज्या सकाळी खंड्या आपटला, त्या सकाळपासून समोरच्या घरातल्या चष्मेवाल्यांची अन्नावरची वासना उडाली.

खंड्याला म्हणाल तर फारसं काही झालं नाही. धप्प असा आवाज झाला, निळंशार पाखरू काचेखालच्या कुंडीत पडलं आणि डॉक्टर तोंडात ब्रश तसाच धरून बाहेर आले. त्यांनी ते अलगद उचललं, बुटांच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं, खोक्याला भोकं पाडली आणि वर झाकण घातलं. "धक्का बसलाय. अंधारात राहू दे, आपोआप सावरेल," असं ते फेसाळ तोंडाने म्हणाले. तोवर अर्धी कॉलनी फाटकाशी जमली होती. थोड्या वेळाने झाकण उघडलं, खंड्याने इकडेतिकडे पाहिलं आणि भुर्रकन उडून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यावरच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. बाईंनी तर डोळेच पुसले आणि म्हणाल्या, "डॉक्टर असावा तर असा!"

आता हे डॉक्टर दातांचे. पक्ष्याला दात नसतात. ही साधी गोष्ट त्या अख्ख्या घोळक्यात एकट्या चष्मेवाल्यांच्या लक्षात आली, आणि ती त्यांनी घरी येऊन न्हाणीघरातल्या आरशाला सांगितली, कारण ऐकून घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. बायको अजून डॉक्टरांच्या अंगणात होती.

ती आली तीच मुळी चेहरा उजळून. चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, "काच किती स्वच्छ असेल हो त्यांची! पाखराला दिसलीसुद्धा नाही!"

चष्मेवाल्यांच्या हातातला पेपर हळूहळू खाली आला.

हे वाक्य कुणा लोखंडवाल्याच्या घरात उच्चारलं गेलं असतं, तर त्याने हूं म्हणून पान उलटलं असतं. पण चष्मेवाल्यांचा जन्म काच पुसण्यात गेला होता. दुकानात शिरणाऱ्या माणसाचं तोंड ते नंतर बघत, आधी त्याच्या भिंगावरची बोटं बघत. जगातली निम्मी माणसं चष्म्याची चुकीची बाजू पुसत बसतात, असं त्यांचं ठाम मत होतं. गिऱ्हाईक कुरकुरत यायचं, "केव्हापासून पुसतोय, डाग जात नाही." चष्मेवाले चष्मा उजेडात धरायचे, एक भुवई वर करायचे आणि निकाल द्यायचे, "डाग आतल्या बाजूला आहे, साहेब." एकदा तर हे त्यांनी बाईंना चार गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं होतं. बाई ते विसरल्या नव्हत्या. बाई काहीच विसरत नसत.

शिवाय काचेचा विषय त्या दोन घरांत आधीच नाजूक होता. डॉक्टरांनी पुढची भिंत काढून तिथे भिंतभर काच बसवली, तेव्हा चष्मेवाल्यांची बायको म्हणाली होती, "घर असावं तर असं." मग चष्मेवाल्यांनीही भिंत काढली आणि काच बसवली. ती डॉक्टरांच्या काचेपेक्षा चांगली वीतभर रुंद घेतली. हा निव्वळ योगायोग, आम्हालाही उजेड हवाच होता, असं ते न विचारता सगळ्यांना सांगत. आणि त्या वीतभर जास्त रुंद काचेवर आजवर एक चिमणीसुद्धा आपटली नव्हती. पाखरं यायची, काच बघायची आणि लांबूनच वळून जायची.

पाखरू मरावं अशी चष्मेवाल्यांची इच्छा मुळीच नव्हती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. थोडंसं आपटावं, चारचौघांच्या देखत आपटावं आणि बरं होऊन घरी जावं, एवढंच. कारण लग्नाला इतकी वर्षं झाली, पण 'असावं तर असं' हे वाक्य बायको नेहमी घराबाहेर बघूनच म्हणायची. एकदा, फक्त एकदा, तिने ते घरात बघून म्हणावं असं त्यांना फार वाटायचं. ते वाटणं आता थेट पोटात दुखायला लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून भिंगं पुसायच्या द्रावणाची बाटली आणली, मऊ फडक्यांचा गठ्ठा आणला आणि स्टुलावर चढले. बायको आधी हरखली. हा माणूस घरातली एखादी वस्तू पुसताना तिने कधी पाहिलाच नव्हता. पण भिंगाच्या मापाच्या फडक्याने भिंतभर काच पुसायची म्हणजे मुंगीने अंगण झाडण्यासारखं होतं. वरचा कोपरा चकचकीत होईपर्यंत खालच्या कोपऱ्यावर धूळ बसायची. बाई फाटकाशी थांबून म्हणाल्या, "ओलं वर्तमानपत्र घ्या. आम्ही शाळेत तेच करायचो." चष्मेवाल्यांनी ते ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. वर्तमानपत्राची शाई काचेवर उतरली आणि एका पुढाऱ्याचं भाषण दोन दिवस उलट्या अक्षरांत वाचता येत होतं.

मग त्यांनी मेहुण्याला फोन लावला. मेहुणा कुठल्याही विषयातला जाणकार होता. 'एका गिऱ्हाइकाची अडचण आहे' असं सांगून त्यांनी विचारलं, की पाखरं काचेवर कशी आपटतात.

"काच साफ असून भागत नाही, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "आत काय दिसतं ते बघा. पडदा दिसला, कपाट दिसलं, तर पाखरू कशाला येईल? आरपार मोकळं दिसायला पाहिजे."

पडदा निघाला. बायकोने शहरातली सगळी दुकानं पालथी घालून निवडलेला तो पडदा चष्मेवाल्यांनी घडी करून पलंगाखाली ठेवला. मग कपाट सरकलं, मग सोफा सरकला. शेवटी दिवाणखाना इतका मोकळा झाला, की आलेल्या पाहुण्याने उभं राहूनच परत जावं.

"आपण काय दुकानाच्या शोकेसमध्ये राहतो का हो?" बायकोने विचारलं. "मी भाजी चिरते तर रस्त्यावरचा माणूस थांबून बघतो."

"उजेड येतो," चष्मेवाले म्हणाले.

"उजेडाबरोबर दूधवालाही आत बघतो. काल म्हणाला, ताई, गवार जून दिसतेय."

एवढं करूनही पाखरू येईना, तेव्हा चष्मेवाल्यांनी काचेखालच्या कट्ट्यावर दाणे टाकायला सुरुवात केली. मग कबुतरं आली. पण ती चालत आली. काचेवर आपटायचं तर निदान उडावं लागतं, तेवढेही कष्ट घ्यायची त्यांची तयारी नव्हती. ती दाणे खायची, कट्ट्यावर बसून घरात टक लावून बघायची आणि जाताना कट्टा आणि काच दोन्ही घाण करून जायची. चष्मेवाले सकाळी पुसायचे, संध्याकाळी पुसायचे, आणि मधल्या वेळात दुकानातून घरी फोन करून विचारायचे, "काही आवाज वगैरे आला का?"

"कसला आवाज?"

"काही नाही. सहज."

आणि एके दिवशी आवाज आला. चष्मेवाले तेव्हा घरीच होते. त्यांच्या डोळ्यांदेखत एका लठ्ठ कबुतराने त्यांच्या कट्ट्यावर पोटभर दाणे खाल्ले, ढेकर दिल्यासारखी मान हलवली, झेप घेतली आणि सरळ जाऊन डॉक्टरांच्या काचेवर आपटलं. पडलंसुद्धा नाही ते. जरा भेलकांडलं आणि छपरावर जाऊन बसलं. पण काचेवर त्याच्या अंगावरच्या धुळीचा असा काही ठसा उमटला, की बघत राहावं. दोन्ही पंख पसरलेले, एकेक पीस वेगळं, मधे मानेची पुसट गोलाई. दाणे चष्मेवाल्यांचे आणि ठसा डॉक्टरांकडे! त्या क्षणी चष्मेवाल्यांना त्या कबुतराचा जितका राग आला, तितका त्यांना दुकानाच्या भागीदाराचासुद्धा कधी आला नव्हता.

डॉक्टरांनी ठसा पुसला नाही. "दातांचे ठसे घेणं हा माझा रोजचा धंदा," ते आल्यागेल्याला सांगू लागले. "पण इतका सुबक ठसा आमच्या खुर्चीत कधी निघाला नाही. तिथे माणूस मधेच खोकतो." लोक मुद्दाम बघायला आले. चष्मेवाल्यांची बायको एकदा गेली आणि बहिणीला दाखवायला पुन्हा गेली. चष्मेवालेही नाइलाजाने गेले. काचेवरचा डाग समोर असून पुसायचा नाही, हे त्यांच्या हाताला सहन होईना. हात आपसूक खिशातल्या फडक्याकडे जायचा आणि ते तो दुसऱ्या हाताने धरून ठेवायचे.

त्यातच कॉलनीचे सेक्रेटरी दारात उभे राहिले. सेक्रेटरी म्हणजे नियमांचा माणूस. त्यांना नुसती वेळ विचारली तरी आधी कलम सांगतील.

"दाणे टाकायला मनाई आहे, चष्मेवाले. कबुतरांच्या तक्रारी आल्यात. कारण द्यावं लागेल."

खरं कारण देण्यासारखं नव्हतं. चष्मेवाले घसा खाकरून म्हणाले, "काय करणार? भूतदया. मुकी पाखरं बघवत नाहीत."

सेक्रेटरींचा चेहरा एकदम मऊ झाला. ते निघून गेले ते थेट पाखरांना काचेपासून वाचवण्यासाठी उपसमिती नेमूनच आले. अध्यक्ष अर्थातच दातांचे डॉक्टर. चष्मेवाले उपाध्यक्ष.

उपसमितीची पहिली बैठक डॉक्टरांच्या व्हरांड्यात भरली. वर तो ठसा. त्याच्याखाली उपाध्यक्षांची खुर्ची. बायको बाईंच्या शेजारी बसली होती आणि डॉक्टर बोलत होते. पाखराला काच दिसत नाही, तिच्यात झाड आणि आभाळ दिसतं, म्हणून काचेवर बाहेरच्या बाजूने ठिपके चिकटवायचे, दोन-दोन बोटांच्या अंतरावर, वरपासून खालपर्यंत. एखाददुसरं चित्र चिकटवून भागत नाही, पाखरू त्याच्या कडेने जातं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठिपके गोल की चौकोनी, यावर सेक्रेटरींनी मत मागवलं.

चष्मेवाल्यांना घाम फुटला. एवढी राबून नाहीशी केलेली काच, आणि तिच्यावर ठिपके! पण नको म्हणावं तरी कसं? ते तर भूतदयेवर निवडून आलेले.

"सुरुवात जिथे जास्त आपटतात तिथून करू," सेक्रेटरी म्हणाले. "डॉक्टरांकडे दोन झाले. चष्मेवाले, तुमच्याकडे?"

खरं उत्तर सोपं होतं. एकही नाही. तेवढं म्हटलं असतं तर ठिपकेही टळले असते. पण बायको बघत होती, बाई बघत होत्या, आणि वरून ते कबूतरही पंख पसरून बघत होतं.

"मोजले नाहीत," चष्मेवाले म्हणाले. "रोजचंच आहे आमच्याकडे. कालच एक आपटलं. चांगलं मोठं होतं."

बायकोने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"ठसा उमटलाय?" डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले.

"म्हणजे काय! तुमच्यापेक्षा स्पष्ट आहे."

"वा! मग संध्याकाळी सगळे येतो बघायला."

बायको दुपारी बहिणीकडे गेली, हे एक नशीब. चष्मेवाल्यांनी तिच्या पावडरीचा डबा काढला. बाहेरून काम करण्यात अर्थ नव्हता, बाई दुपारभर खिडकीत बसून गल्लीवर नजर ठेवतात. तेव्हा ते दिवाणखान्यातच पंख्याखाली निवांत कामाला लागले. आधी पिसांचा झाडू पावडरीत बुडवून काचेवर दाबला, तर तिथे मांजर बसून गेल्यासारखं दिसायला लागलं. ते पुसलं. मग दोन्ही तळहातांना पावडर फासली, अंगठे एकमेकांत अडकवले, बोटं पसरली आणि हात काचेवर टेकवले. हात काढले तर पक्षी! दोन पंख, मधे मान, वर हलकीशी फुंकर मारल्यावर तर तो उडायलाच निघाला. चष्मेवाल्यांचे डोळे पाणावले. त्यांना तो खरंच स्वतःहून आल्यासारखा वाटू लागला.

संध्याकाळी उपसमिती काचेबाहेर उभी राहिली. बायको तेव्हाच परतली होती, ती आत पाणी भरत होती.

"सुरेख!" डॉक्टर म्हणाले, आणि चष्मेवाल्यांचं काळीज सुपाएवढं झालं. मग डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक काचेला लावलं. "पिसं मात्र चार-चारच दिसतात."

"लहान जात असेल," सेक्रेटरी म्हणाले.

"लहानच," चष्मेवाले म्हणाले.

"सकाळी तर मोठं म्हणाला होतात," बाई म्हणाल्या.

"पक्षी मोठा. पिसं कमी."

"ही पांढरी भुकटी जरा बघू," असं म्हणून डॉक्टरांनी रुमालाच्या टोकाने ठशाची कड पुसली. भुकटी आली नाही. त्यांनी पुन्हा पुसलं, मग जरा जोर लावून पुसलं. सेक्रेटरींनी अंगठा ओला करून घासून पाहिलं. पक्षी जागचा हलला नाही. आता चष्मेवाल्यांना कळलं. आयुष्यभर सगळ्या जगाला जे सांगितलं, ते नेमकं आज दुपारी ते स्वतः विसरले होते.

बाई पुढे झाल्या. त्यांनी मान तिरकी करून काच उजेडात पाहिली, एक भुवई वर केली, आणि इतकी वर्षं जपून ठेवलेल्या आवाजात म्हणाल्या, "डाग आतल्या बाजूला आहे, साहेब."

काचेपलीकडे बायको येऊन उभी राहिली होती. चष्मेवाल्यांना ती अगदी स्पष्ट दिसत होती, काच खरोखरच फार स्वच्छ होती. तिने त्या पंखांकडे पाहिलं. एका पंखाच्या एका पिसावर, अगदी तळाशी, पावडर लागली नव्हती. तिथे अंगठीएवढा पट्टा कोरा राहिला होता. तिने चष्मेवाल्यांच्या हाताकडे पाहिलं. त्यांनी तो पाठीमागे नेला.

ती दार उघडून बाहेर आली.

"आतूनच आहे," ती म्हणाली. "काल माझ्याच चुकीने दार उघडं राहिलं. पाखरू घरात शिरलं आणि बाहेर जायला बघत होतं बिचारं."

"आतून आपटलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मग काय हो! आतून समोरचं फारच छान दिसतं ना."

"आणि बाहेर काढलं कोणी?"

"मीच धरलं हातात आणि सोडलं."

"वहिनी, कमाल आहे तुमची! घाबरलेलं पाखरू हातात धरायचं म्हणजे धीर लागतो," डॉक्टर म्हणाले. सेक्रेटरींनी उपसमितीतर्फे आभार मानले. बाईंनी चष्मेवाल्यांकडे एक तिरका कटाक्ष टाकला, पण तोंडाने म्हणाल्या, "बायको असावी तर अशी!" पहिल्यांदाच ते वाक्य चष्मेवाल्यांच्या घराकडे बघून उच्चारलं गेलं, आणि ते मान वर करून ऐकायचीही त्यांना लाज वाटली.

सगळे गेल्यावर बायकोने ओलं फडकं घेतलं आणि ठसा बोट-बोट करून पुसू लागली. अंगठीचं बोट तिने शेवटी ठेवलं.

"पावडर माझी वापरलीत," ती म्हणाली. "तीही ठेवणीतली, चांगली."

"अगं, मला फक्त..." चष्मेवाले स्टुलावर बसले. "तू त्यांच्या काचेचं इतकं कौतुक केलंस. वाटलं, एकदा आपल्याही काचेबद्दल म्हणशील."

"मी काचेबद्दल बोलले, तुम्ही डोकं आपटायला लागलात. एक पाखरू या घरातून रोज समोरच्या काचेवर आपटतंय. मला काय आवाज येत नाही?" तिने फडकं पिळलं. "आधी माझा पडदा लावा."

चष्मेवाल्यांनी पडदा लावला. सोफा आणि कपाटही जागेवर आलं.

पुढच्या सुट्टीला ठिपके आले. गोल, पांढरे, ठराव झाल्याप्रमाणे. चष्मेवाल्यांनी ते स्वतः चिकटवायला घेतले, बाहेरच्या बाजूने, दुकानातली दोन डोळ्यांतलं अंतर मोजायची पट्टी लावून. एक ठिपका रेषेबाहेर नव्हता. समोर डॉक्टरांनी घाईघाईत चिकटवलेले ठिपके वेडेवाकडे गेले होते, आणि दात सरळ करणाऱ्या माणसाची काच तशी निघावी, याचा चष्मेवाल्यांना झालेला आनंद इथे लपवण्यात अर्थ नाही. शेवटची ओळ लावायला ते स्टुलावर चढले, तेव्हा झाडाच्या बाजूने काहीतरी निळं सुसाट आलं.

खंड्या. नाकाच्या रेषेत, सरळ त्यांच्या काचेकडे. चष्मेवाल्यांच्या हातातला ठिपक्यांचा कागद गळून पडला आणि ते दोन्ही हात पसरून ओरडले, "अरे, नको! नको!" ऐन वेळी खंड्याने पंख तिरके केले, ठिपक्यांवरून वळला आणि कुंपणाच्या तारेवर जाऊन बसला. त्याने मान झटकली, त्याचं एक पीससुद्धा हललं नव्हतं.

चष्मेवाल्यांनी सवयीने डॉक्टरांच्या अंगणाकडे पाहिलं. अंगण रिकामं होतं. डॉक्टर दवाखान्यात कुणाचा तरी दात उपटत असणार. फाटकाशी कोणी नव्हतं, आणि बाईंच्या खिडकीतही आजच नेमकं कोणी नव्हतं. पडलेल्या पाखरासाठी अर्धी कॉलनी धावली होती. न पडलेल्यासाठी कोण येणार? त्यांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात काचेत काहीतरी हललं. पडदा बाजूला करून बायको आत उभी होती, आणि टाळ्या वाजवत होती. काच जाड असल्यामुळे टाळ्यांचा आवाज आला नाही, पण ठिपक्यांमधून हात दिसत होते. ती काहीतरी म्हणालीसुद्धा, घरात बघून नव्हे, त्यांच्याकडे बघून. ते ऐकू आलं नाही. ते पुन्हा म्हणायला लावण्यासाठी चष्मेवाले स्टुलावरून उतरले आणि दाराने आत गेले.